कावळ्याला विचारण्याआधी

गोव्यात हरवळ्याला रुद्रेश्वराच्या देवळाजवळ कोणाच्या दहाव्याला उभे राहिला असाल तर हे तुम्ही पाहिलेलं असणार. पिंड मांडलेला, झाडावर चार कावळे, आणि एकही खाली उतरत नाही. मग कर्ता हात जोडतो. ‘धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ.’ कावळा ढिम्म. मागून कोणीतरी कुजबुजतं, ‘काजूच्या बागेचं बोल रे.’ तिसरा खिशातली तंबाखूची पुडी काढून पिंडाशेजारी ठेवतो. तासभर उन्हात सगळं कुटुंब गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलं असेल याचा अंदाज बांधत असतं.

माणूस समोर खुर्चीत बसून पेज जेवत होता तेव्हा यातलं काहीच कोणी विचारलेलं नसतं.

ज्यांच्या घरात ही वेळ पहिल्यांदाच येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. वडिलांना आम्ही भाई म्हणायचो. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी डिचोली, पणजी आणि बांबोळीचं सरकारी इस्पितळ अशा खूप फेऱ्या मारल्या. त्यातल्या निम्म्या वाचल्या असत्या.

सुरुवात बोलण्यापासून, कागदांपासून नव्हे

सगळे चुकतात ते इथेच. मुलगा मुंबईहून आठ दिवसांसाठी येतो आणि दुसऱ्याच दिवशी ‘बाबा, विल केलंय का?’ असं विचारतो. म्हाताऱ्याला ते ‘तुम्ही कधी जाणार?’ असंच ऐकू येतं. उत्तर येतं, ‘पळोवया’, म्हणजे बघूया. गोव्यात या एका शब्दावर पिढ्या निघून गेल्या आहेत.

चवथीला, म्हणजे गणपतीत, सगळे जमतात म्हणून तेव्हा विषय काढावा असं वाटतं. काढू नका. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून जमिनीचं बोललं की वाटणी सुरू झाली असंच घर समजतं, आणि सुना-जावई असताना म्हातारी माणसं मनातलं बोलत नाहीत. आमच्याकडे खरं बोलणं झालं ते गाडीत. भाईंच्या एका मित्राच्या बाराव्याहून परत येताना ते आपणहून म्हणाले, ‘त्याला शेवटी नळ्या लावल्या होत्या. मला नको.’ मी गाडी बाजूला घेतली नाही की वही काढली नाही. एवढंच विचारलं, ‘मग काय हवं?’ साखळी गाव येईपर्यंत ते बोलत राहिले. दुसऱ्याच्या मरणाच्या आडून स्वतःच्या मरणाबद्दल बोलणं सोपं जातं, ही आडवाट वापरा. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा दोघांची नजर रस्त्याकडे असलेली बरी.

एका बैठकीत सगळं उरकायला जाऊ नका. एका वेळी एकच प्रश्न पुरे, तोही साधा. शेवटचे दिवस घरी काढायचे की इस्पितळात? गल्फात किंवा जहाजावर असलेल्या मुलासाठी थांबायचं की त्याच दिवशी उरकायचं? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडच्या अनेक घरांत कोणालाच माहीत नसतं. मग शवागारात चार दिवस ठेवून भावंडं फोनवर भांडतात. अग्नी कोणी द्यायचा, मुलीने दिला तर चालेल का? कोणाला पैसे दिलेत, कोणाचे घेतलेत? कोणाशी बोलणं बंद आहे आणि त्याला बोलवायचं का?

शेवटच्या प्रश्नाला भाईंनी आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग एका सकाळी चुलतभावाचं नाव घेतलं. एका पाणंदीवरून वीस वर्षं अबोला होता. चुलतकाका आले, चहा प्यायले, पाणंदीबद्दल कोणीच काही बोललं नाही. तेवढ्यानं काम झालं.

पुढे काय, यावरही बोलू द्या

म्हातारी माणसं मरणाला घाबरतात असं आपण धरून चालतो. मला दिसलं ते थोडं वेगळं. आईला भीती होती ती वेदनेची आणि कोणावर ओझं होण्याची. पुढचं तिच्या दृष्टीने ठरलेलं होतं: तिची आई तिथे वाट पाहतेय. भाई मात्र आयुष्यभर देवळाचे महाजन, म्हणजे वंशपरंपरेने हक्काचे सभासद, असूनही ‘पुढे काही नाही, दिवा विझतो’ म्हणायचे. एकाच घरात, एकाच देवघरासमोर दोन मतं. दोघांपैकी कोणालाही दुरुस्त करायला जाऊ नका. ‘असं कसं म्हणता’ म्हटलं की माणूस गप्प होतो आणि पुन्हा तोंड उघडत नाही.

मात्र क्रियाकर्माबद्दल स्पष्ट विचारा, कारण ते करायचं तुम्हाला असतं. दहावं-बारावं-तेरावं पूर्ण हवं की थोडक्यात? वर्षश्राद्ध? दरवर्षीचा म्हाळ कोणाच्या घरी? अस्थी हरवळ्यात, गोकर्णाला की घरामागच्या नदीत? काहीच नको असेल तर ते त्यांच्या हाताने दोन ओळींत लिहून घ्या. नाहीतर तुम्ही त्यांचं ऐकलंत तरी सगळे नातेवाईक तुम्हालाच बोल लावणार. शेजारची ख्रिस्ती आजी या बाबतीत आमच्यापेक्षा पुढे होती. अंगावर घालायचे कपडे तिने इस्त्री करून पेटीत ठेवले होते आणि वर्षातून एकदा पावसाळा संपल्यावर उन्हात घालायची. आम्हा मुलांना ते भयंकर वाटायचं. आता वाटत नाही.

मग कागद

आधी नावं बघा, जमिनी नंतर. पोर्तुगीज काळात जन्मलेल्यांच्या दाखल्यांवर नावं पोर्तुगीज पद्धतीने लिहिलेली असतात: प्रभूंचे पोरोबो, कामतांचे कामोतिम, केणींचे केनिम, आणि शंकरचं नाव ‘एक्स’ या अक्षराने सुरू. आधारवर एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरं, जमिनीच्या उताऱ्यावर तिसरं, कारण मोजणीच्या वेळी घरात जे हाक मारायचे तेच लिहिलं गेलं. ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे सांगणारा साक्षीदार म्हणजे तो माणूस स्वतः. तो असतानाच ‘एकच व्यक्ती’ असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. नंतर हेच काम दसपट होतं.

त्यांच्या आईवडिलांचे मृत्यूचे दाखले आणि लग्नाच्या नोंदी याच वेळी जमवा. जुनं काही सापडत नसेल तर पणजीचं पुराभिलेख खातं आहे.

आता जमिनीचा १ व १४ चा उतारा काढा, म्हणजे तिकडच्या सातबारासारखा. शहरात असाल तर फॉर्म ‘डी’. उताऱ्यावर अजून पणजोबांचंच नाव दिसलं तर दचकू नका, अर्ध्या गोव्याची हीच कथा आहे. पण हसण्यावारीही नेऊ नका. मेलेल्यांच्या आणि परदेशी गेलेल्यांच्या नावावर पडून असलेल्या जमिनींचेच खोटे दस्त करून त्या लाटल्या गेल्या. त्यासाठी सरकारला २०२२ मध्ये पोलिसांचं विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग नेमावा लागला. कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) म्हणून घर-जमीन असेल तर त्याचा निवाडा झालाय का, सनद मिळालीय का, हेही म्हाताऱ्यालाच विचारा. कोमुनिदादीतली, म्हणजे गावकऱ्यांच्या जमीन-संस्थेतली, जण (वाटा), देवळाच्या महाजनांच्या यादीतलं नाव, हेसुद्धा. आणि घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे घरातल्या प्रत्येकाला एकदा सांगून टाका.

मृत्युपत्र: मुंबईच्या भावाचं ऐकू नका

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण महाराष्ट्रातले नातेवाईक मनापासून चुकीचा सल्ला देतात. तिकडे साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या की मृत्युपत्र होतं. गोंयकाराचं तसं होत नाही. आमच्याकडे १८७० पासून लागू असलेला पोर्तुगीज नागरी कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला. वारशापुरता त्याच्या जागी आता २०१२ चा गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदा आला आहे, पण गाभा तोच आहे. मृत्युपत्र करायचं ते विशेष नोटरीपुढे, म्हणजे आपल्या तालुक्याच्या उपनिबंधकाकडे, त्यांच्या वहीत. बाजारातल्या नोटरीच्या शिक्क्यावर विसंबू नका.

दुसरी गोष्ट हिश्शांची. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक. सोळा आणे धरा. आठ आणे आईचे, ते भाई जिवंत असतानाही तिचेच, उताऱ्यावर तिचं नाव असो वा नसो. भाईंचे उरले आठ आणे. मुलं असतील तर त्यातले चार आणे कायद्यानेच मुलांचे, मुलगा-मुलगी सारखेच. त्यांना सहसा डावलता येत नाही. मृत्युपत्राने भाई आपल्या मर्जीने देऊ शकत होते ते उरलेले चार आणे. ‘सगळं धाकट्याला लिहून देतो’ हे वाक्य गोव्यात पोकळ आहे. एकाला आधीच बक्षीस दिलं असेल तर वाटणीच्या वेळी तेही हिशेबात येतं. मुंबईत किंवा बेळगावात फ्लॅट असेल तर? गोव्याचा अधिवासी असलेल्याची मालमत्ता भारतात कुठेही असली तरी वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.

याचा चांगला भाग असा की आईला रस्त्यावर आणणं कठीण आहे. वाईट भाग असा की एकही सही कमी पडली तर सगळं अडतं. सह्या फक्त भावंडांच्या पुरत नाहीत. त्यांची लग्नंही याच कायद्याखाली झालेली असल्याने जावई आणि सुनांच्याही लागतात. बहीण सासरी गेली म्हणून तिचा हक्क गेला असं कोणी म्हणालं तर त्याला चहा द्या आणि विषय बदला.

हयातीतच घर मुलाच्या नावावर करून टाकण्याची घाई आईवडिलांनाच असते. मला ते पटत नाही. करायचंच असेल तर मरेपर्यंत राहण्याचा आणि उपभोगाचा हक्क दस्तात राखून ठेवा, आणि ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली असं बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, पण ते शब्द दस्तात असले तर काम सोपं होतं.

बँकेचं थोडक्यात. प्रत्येक खात्यावर आणि ठेवीवर नॉमिनी आहे का ते पासबुकावर तपासा. नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी देता येतात. नॉमिनी पैसे घेतो, मालक होत नाही. पैसे वारसांचेच राहतात. हे तुम्हीही लक्षात ठेवा आणि नॉमिनी असलेल्या भावालाही सांगा. मोबाइलचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा, कारण सगळे ओटीपी तिथेच येतात.

नळ्यांचं काय

भाई गाडीत जे म्हणाले ते कायद्यात बसतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘लिव्हिंग विल’ मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. बरं होण्याची आशाच नसलेल्या अवस्थेत व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करणं यातलं काय नको, हे शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. स्वतः बोलता येणार नाही तेव्हा कोणी बोलायचं ती नावं द्यायची. एकापेक्षा जास्त दिलेली बरी. दोन साक्षीदारांपुढे सही, मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का. पूर्वी न्यायदंडाधिकारी लागायचा, आता लागत नाही. एक प्रत कुटुंबाकडे, एक डॉक्टरकडे, एक पंचायत किंवा पालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं पत्र केलं, तेव्हापासून इथे लोकांना ते माहीत झालं.

पत्र आहे म्हणून डॉक्टर लगेच नळी काढत नाहीत. उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं एक मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. इंजेक्शन देऊन मारणं हा प्रकार यात नाही. म्हाताऱ्यांचा तसा गैरसमज असतो, तो काढा.

खरं सांगायचं तर पत्रापेक्षा महत्त्वाचं असतं ते रात्री दोन वाजता घरात कोण आहे. आईच्या वेळी आमच्याकडे काहीच लिहिलेलं नव्हतं. मी बाहेर होते, भाऊ घाबरला, एका इस्पितळाने सरळ आयसीयूत घेतलं, आणि नऊ दिवस ती काचेपलीकडे राहिली. म्हणून पत्राची प्रत कपाटात न ठेवता फ्रिजवर लावा आणि घरात झोपणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवा, कामवाल्या बाईलाही.

कर्करोग शेवटच्या टप्प्यात असेल तर लोटलीचं शांती अवेदना सदन माहीत असू द्या. तिथे अशा रुग्णांची सेवा विनामूल्य होते. वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ‘सवय लागेल’ ही भीती या टप्प्यावर बाळगू नका.

शेवटचे दिवस घरी

खाणं कमी होतं, मग जवळजवळ थांबतं. ‘दोन घास खा’ म्हणून भरवत बसू नका. शरीर बंद होत असतं म्हणून भूक जाते. न खाल्ल्यामुळे माणूस जातो असं नाही. झोप वाढते. पाय गार पडतात, गुडघे निळसर दिसतात. श्वास भराभर येतो, मग थांबतो, पुन्हा येतो. घशात घरघर होते. ती ऐकणाऱ्यालाच जास्त छळते. कुशीवर वळवलं तर कमी होते. गिळता येत नसेल तर तुळशीपत्र आणि गंगाजलही चमच्याने ओतू नका, ठसका लागून जीव घाबरा होतो. कापूस भिजवून ओठांना लावा. तेवढ्याने रीतही पाळली जाते आणि कोरडं तोंडही ओलं होतं.

कानाला ऐकू येतंय असं धरूनच बोला. खोलीत जमिनीचा विषय नको.

त्या दिवशी

घरी मृत्यू झाला तर पहिला फोन नेहमीच्या डॉक्टरांना. त्यांनी मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचं काही सुरळीत होत नाही. म्हणून दीर्घ आजारात डॉक्टरांना मधूनमधून घरी बोलवत राहा. महिनोन्महिने न पाहिलेल्या माणसाचं प्रमाणपत्र द्यायला कोणताही डॉक्टर कचरतो आणि गोष्ट पोलिसांपर्यंत जाते. अपघात किंवा पडून मृत्यू झाला असेल तर शवचिकित्सा टळत नाही, हुज्जत घालू नका.

नेत्रदान करायचं ठरलं असेल तर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोकं उशीवर थोडं उंच. देहदान बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाकडे. अर्ज आधी भरलेला असावा, आणि मुलांची संमती खरी असावी, कारण त्या क्षणी एकजण रडला तरी गाडी रिकामी परत जाते. शवचिकित्सा झालेला देह घेत नाहीत, तेव्हा दुसरी तयारीही असू द्या.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या पंचायतीत किंवा पालिकेत, २१ दिवसांच्या आत. इस्पितळात झाला तर बहुधा तेच कळवतात, पण नावाचं स्पेलिंग तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघा. मी बघितलं नाही. भाईंच्या आडनावातलं एक अक्षर गेलं, आणि ते परत आणायला चार महिने लागले. दाखल्याच्या दहा प्रती घ्या.

तेराव्यानंतर

गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे किंवा इतर पेन्शनचे पैसे येत असतील तर मृत्यू लगेच कळवा. हयातीचा दाखला नसताना आलेली रक्कम नंतर परत मागतात, आणि तोवर ती बाराव्याच्या जेवणात गेलेली असते. एटीएम कार्ड वापरून पैसे काढण्याचा मोह टाळा. वारसांपैकी कोणी तक्रार केली तर ते फार वाईट दिसतं.

सगळे वारस एकमताने असतील तर विशेष नोटरीकडे सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते सांगणारा दस्त, करायचं. त्याची वर्तमानपत्रात जाहिरात येते, हरकतीसाठी मुदत असते. वाद असेल किंवा वाटणी करायची असेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीची कारवाई. तिथे कुटुंबप्रमुखाने मालमत्तेची यादी द्यायची असते, आणि एकाच घरावर दोघांचा डोळा असेल तर वारसांमध्येच बोली लागते. हे सगळं झाल्यावर उताऱ्यावर म्युटेशन, म्हणजे नव्या मालकांची नावं चढवणं. ते राहिलं तर नातवंडांना पुन्हा हाच लेख लागेल. वकील शक्यतो तालुक्याचाच घ्या, त्या कार्यालयात रोज जाणारा.

आमचं दहावं हरवळ्यालाच झालं. कावळ्याला द्यायला आमच्याकडे एकही वचन उरलं नव्हतं. सगळं भाईंना विचारून झालेलं होतं. पाणंद सुटली होती, बाग बहिणीकडे, चुलतकाका शेजारी उभे. तरी कावळा येईना. भटजींनी माझ्याकडे पाहिलं. भाईंनी त्याचंही उत्तर देऊन ठेवलं होतं: अर्ध्या तासात नाही शिवला तर दर्भाचा कावळा करा, लोकांना उपाशी उन्हात उभं करू नका. आम्ही चाळीस मिनिटं थांबलो, मग दर्भाचा केला, आणि दोनच्या आत पंगत बसली.